बालेवाडीच्या ‘रिंग का किंग’चा प्रसारण-इतिहास कसा लिहायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चुकीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं जाणार नाही. २०१२ साली कलर्सवर ‘रिंग का किंग’ नावाचा प्रो रेसलिंगचा, म्हणजे ठरवून केलेल्या कुस्तीच्या खेळाचा, कार्यक्रम लागायचा. त्याचं चित्रीकरण पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झालं. तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात आणि एका संध्याकाळी प्रेक्षकांत बसून आलात. आता त्या कार्यक्रमाच्या प्रसारणाचा इतिहास लिहायला घेतलाय. कुणी म्हणतं टीआरपी नव्हता म्हणून वाहिनीने मधेच गुंडाळला. पहिला चॅम्पियन कधी झाला याच्या दोन वेगळ्या तारखा सापडतात. आणि दुसरा सीझन का आला नाही, याचं उत्तर कुठेच मिळत नाही.

मी मुंबईत टीव्ही वाहिन्यांच्या शेड्युलिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. कुठला कार्यक्रम किती वाजता, किती आठवडे, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, हे ठरवणं आणि त्याचा हिशेब ठेवणं हे माझं काम. कलर्समध्ये मी नव्हतो, त्यामुळे आतली बातमी म्हणून काही सांगणार नाही. पण शेड्यूल वाचून कार्यक्रमाचं काय चाललं होतं हे बऱ्यापैकी कळतं. तेवढंच करून दाखवतो.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकलेत. पडद्यावर काय, कधी दिसलं? हा नोंदीचा प्रश्न. कुस्ती प्रत्यक्षात कधी झाली? हा चित्रीकरणाचा. आणि पुढे का चाललं नाही? हा पैशाचा. तिन्हींचे पुरावे वेगळे असतात. ते एकत्र कालवले की ‘मधेच गुंडाळला’ यासारखी वाक्यं तयार होतात.

सुरुवात नोंदीपासून करू, कारण तिथे वादाला जागाच नाही. २०१२चं कॅलेंडर समोर घ्या. पहिला भाग २८ जानेवारीला लागला, तो शनिवार. शेवटचा २२ एप्रिलला, तो रविवार. कार्यक्रम शनिवार-रविवार रात्री आठला. आता मधले शनिवार मोजा: जानेवारीत एक, फेब्रुवारीत चार, मार्चमध्ये पाच, एप्रिलमध्ये तीन. झाले तेरा. तेरा शनिवार आणि तेरा रविवार म्हणजे सव्वीस. भागांची संख्याही बरोबर सव्वीस. म्हणजे एकही वीकएंड रिकामा गेला नाही आणि एकाही दिवशी दोन भाग उरकून टाकले नाहीत.

आमच्या धंद्यात तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. जाहिरातदारांशी सौदे, प्रायोजकत्व, बजेट, सगळं तिमाहीवर चालतं. आठवड्याला दोन भागांचा कार्यक्रम सव्वीस भागांवर थांबतो तेव्हा पहिला अंदाज हाच करायचा, की तेवढेच मागवले होते आणि तेवढेच दाखवले.

खरोखर मधेच गुंडाळलेला कार्यक्रम कॅलेंडरवर कसा दिसतो? आधी वेळ सरकते. आठचा साडेदहाला जातो, मग रविवारी दुपारी, मग एक दिवस तिथेही चित्रपट लागतो. किंवा हातात उरलेले भाग एकदम वाजवून मोकळे होतात. अमेरिकेत २००७ मध्ये एमटीव्हीने ‘रेसलिंग सोसायटी एक्स’ नावाचा छोटा कार्यक्रम आणला होता. दहा भागांचा. काही आठवड्यांतच वाहिनीचा जीव त्यातून उठला आणि मार्चमध्ये उरलेले बरेच भाग एका रात्रीत ओळीने लावून टाकले. ती खरी गुंडाळागुंडाळ. ‘रिंग का किंग’च्या कॅलेंडरवर तसला एकही ओरखडा नाही. त्यामुळे तुमच्या लेखातून ‘बंद पाडला’ हे आधी काढा आणि ‘ठरलेले सव्वीस भाग पूर्ण झाले, पुढचा सीझन झाला नाही’ असं लिहा. रुक्ष वाटेल, पण खरं तेच.

आता दोन तारखांचा घोळ. कार्यक्रम अमेरिकेतल्या टीएनए या रेसलिंग कंपनीचा. जेफ जॅरेट त्यामागचा प्रमुख माणूस, इथली निर्मिती एन्डेमॉल इंडियाची आणि वाहिनी कलर्स. चित्रीकरण डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालं, प्रसारण जानेवारीच्या शेवटी. म्हणजे घरी बसलेल्या प्रेक्षकाने पहिला भाग पाहिला तेव्हा स्पर्धा जिंकून मॅट मॉर्गन पहिला चॅम्पियन बालेवाडीत कधीच होऊन गेला होता. बुलडॉग हार्ट आणि चावो गरेरो ज्युनियर या पहिल्या टॅग टीम, म्हणजे जोडीने लढणाऱ्या, चॅम्पियनांचंही तेच.

प्रो रेसलिंगचा इतिहास लिहिणारे लोक किताबाचा काळ कुस्ती झाली त्या दिवसापासून मोजतात, टीव्हीचा इतिहास लिहिणारे दाखवली त्या दिवसापासून. दोन्ही तारखा बरोबर आहेत. घोटाळा होतो तो कुणीतरी एका रकान्यातली सुरुवात आणि दुसऱ्या रकान्यातला शेवट घेऊन वजाबाकी करतो तेव्हा. मग चॅम्पियनपद कुणाकडे किती दिवस होतं याचे चमत्कारिक आकडे निघतात. तुमच्या तक्त्यात ‘चित्रीकरण’ आणि ‘प्रसारण’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवा. ज्या कुस्तीची चित्रीकरणाची तारीख मिळत नाही तिथे रकाना कोरा ठेवा, अंदाजाने भरू नका. विषय प्रसारणाचा आहे, त्यामुळे लेखाच्या मजकुरात प्रसारणाचीच तारीख पुढे असू द्या.

अशा कार्यक्रमांचे बरेच भाग एका बैठकीत चित्रित होतात, कारण खर्च तसाच परवडतो. हॉल, दिवे, रिंग, अमेरिकेतून आलेले मल्ल, त्यांचं राहणं-खाणं, हे सगळं रोजच्या हिशेबाने चालू असतं. त्यामुळे एका संध्याकाळी तुम्ही जे सलग पाहिलं, ते पडद्यावर वेगवेगळ्या वीकएंडना विखुरलेलं असणार. तुम्ही तिथे बसला होतात हा तुमचा मोठा फायदा आहे. त्या दिवशी पाहिलेल्या लढती आठवतील तेवढ्या लिहून काढा आणि त्या कोणत्या भागांत आल्या ते शोधा. एका बैठकीचे भाग हाती लागले की इतर बैठकाही वेगळ्या काढता येतात. कशा? पुढच्या रांगेकडे बघा. मल्ल कपडे बदलतो, पुढच्या रांगेतला माणूस बदलत नाही. तोच चेक्सचा शर्ट, तोच मांडीवरचा पोरगा, हातात तोच लिहिलेला पुठ्ठा, आणि निवेदक म्हणतोय ‘पिछले हफ्ते’. दुसरी खूण रिंगच्या कॅनव्हासवर असते. संध्याकाळ चढत जाते तशी त्यावर बुटांच्या घासण्याचे पट्टे आणि घामाचे डाग वाढत जातात. स्वच्छ कॅनव्हास म्हणजे बैठकीची सुरुवात. आम्ही एडिटमध्ये भागांचा क्रम बदलायचा विचार करायचो तेव्हा अशाच गोष्टी आडव्या यायच्या.

मुलाखती, धमक्या, पडद्यामागची भांडणं यांना मात्र ही कसोटी लावू नका. ती बहुतेक वेळा एकगठ्ठा वेगळी शूट करून ठेवतात आणि लागतील तशी जोडतात.

पुढचा मुद्दा स्लॉटचा, म्हणजे प्रसारणाच्या वेळेचा. त्यावर जास्त वेळ घालवतोय, कारण माझ्या मते या कार्यक्रमाची अर्धी गोष्ट तिथेच आहे. कलर्स ही २१ जुलै २००८ला सुरू झालेली सर्वसाधारण मनोरंजनाची वाहिनी, आमच्या भाषेत जीईसी. जीईसीचा आठवडा साधा असतो: सोमवार ते शुक्रवार मालिका, शनिवार-रविवार काहीतरी मोठं, झगमगीत. ‘बिग बॉस’चा पाचवा सीझन ७ जानेवारी २०१२ला संपला. तोही एन्डेमॉलचाच. तीन आठवड्यांनी ‘रिंग का किंग’ आला.

रात्री आठला वीकएंडला टीव्ही सगळ्या घराचा असतो. आई स्वयंपाकघरातून ये-जा करते, आजोबा खुर्चीत, पोरं जमिनीवर. अशा वेळी रेसलिंग लावायचं म्हणजे घरातल्या प्रत्येकाला काहीतरी कारण द्यावं लागतं. हरभजन सिंगला कार्यक्रमाचा चेहरा केलं ते त्यासाठी, हे उघड आहे. समालोचन हिंदीत. आरडीएक्स नावाची खलनायकांची टोळी. ‘डेडली डंडा’, ‘पठानी पट्ठा’, ‘मुंबई कॅट्स’ असली नावं. पंजाबचा धिप्पाड महाबली वीरा, जो पुढे टीएनएत महाबली शेरा म्हणून दिसला. हे सगळं घरातल्या ज्या माणसाने रेसलिंग कधी पाहिलेलं नाही त्याच्यासाठी होतं. पोरांना पटवायची गरज नव्हती. त्यांच्याकडे डब्ल्यूडब्ल्यूई दाखवणारं टेन स्पोर्ट्स होतं आणि त्यांच्या मोठ्या भावांच्या पिढीकडे डब्ल्यूडब्ल्यूएफचे (डब्ल्यूडब्ल्यूईचं जुनं नाव) खेळायचे पत्ते.

त्यात आणखी एक अडचण. जून २०११ मध्ये जीईसींच्या मजकुराबद्दलच्या तक्रारी ऐकणारी बीसीसीसी ही स्वयंनियमन यंत्रणा उभी राहिली होती. ज्या वेळेला मुलं टीव्हीसमोर असतात त्या वेळेला हाणामारी किती दाखवायची, याचा विचार प्रत्येक वाहिनीला करावा लागत होता. त्यामुळे आठचं रेसलिंग आणि क्रीडावाहिनीवरचं रात्री उशिराचं रेसलिंग यांची तुलना करताना हात जरा सैल ठेवा.

आणि मग एप्रिल. आयपीएलचा पाचवा हंगाम ४ एप्रिल २०१२ला सुरू झाला, सेट मॅक्सवर, संध्याकाळचे सामने आठला. ‘रिंग का किंग’चे शेवटचे तीन वीकएंड, म्हणजे सव्वीसपैकी सहा भाग, थेट त्याच्यासमोर आले. आणि कार्यक्रमाचा चेहरा असलेला हरभजन त्याच हंगामात मुंबई इंडियन्सचा कर्णधार होता! तुमच्या पुण्यातही त्याच एप्रिलमध्ये गहुंज्याच्या नव्या मैदानावर पुणे वॉरियर्सचे सामने सुरू झाले. कथानकाचा कळस, सगळे हिशेब चुकते होण्याचे भाग, नेमके अशा आठवड्यांत पडले.

हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मी मानत नाही. जानेवारीअखेर सुरू करून तेरा आठवडे मोजणाऱ्याला एप्रिल दिसत असतोच. पण ‘बिग बॉस’ संपून थोडी जागा मोकळी होते, आयपीएल यायचं असतं, आणि त्या दोहोंच्या मधे जे बसवायचं ते बसवलं जातं. शेवटी थोडं अंगावर येईल हे धरून. मी त्या टेबलावर असतो तर आठवड्याचे दोन भाग ठेवून तीन-चार आठवडे आधी सुरू करायचा हट्ट धरला असता. पण ‘बिग बॉस’ चालू असताना तसं कुणीच करू दिलं नसतं, हेही तितकंच खरं.

टीआरपीबद्दल जपून लिहा. तेव्हा प्रेक्षकांची मोजणी टॅम या संस्थेची होती, तिच्या जागी बार्क २०१५ मध्ये आली. टॅमचा आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपायचा. म्हणजे एकाच वीकएंडचे दोन भाग दोन वेगळ्या आठवड्यांच्या आकड्यांत जायचे. २८ जानेवारीचा पहिला भाग एका आठवड्यात, २९चा दुसरा पुढच्यात. जुन्या बातम्यांत एखादा आकडा सापडला तर तो पदार्पणाचा आहे की दोन भागांची सरासरी, हे आधी बघा. यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की टॅमचे मीटर शहरांत होते. ग्रामीण भाग मोजणीत आला तो बार्कच्या काळात, २०१५च्या उत्तरार्धात. आता सांगा, भारतात कुस्तीच्या नावाने टीव्हीसमोर बसणारा माणूस कुठे राहतो? पंजाब-हरियाणातल्या गावांत, आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात. त्यातला केवढा तरी प्रेक्षक त्या वेळच्या आकड्यांच्या बाहेरच होता. गावागावांत हा कार्यक्रम गाजत होता असा दावा मी करत नाही. ते मोजलंच गेलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यामुळे ‘टीआरपी नव्हता’ हे वाक्य लिहिताना कुणाचा, हे लिहायला विसरू नका.

केबलचीही तीच गत. चार महानगरांत केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनची मुदत होती ती २०१२च्या ऑक्टोबरअखेरची, आणि पुणे त्याच्या पुढच्या टप्प्यात होतं. म्हणजे कार्यक्रम चालू होता तेव्हा बहुतेक घरांत ॲनालॉग केबल. वाहिनी कितव्या नंबरला लागते आणि चित्र स्वच्छ येतं की मुंग्या येतात, हे केबलवाल्याच्या हातात. कलर्ससारख्या मोठ्या वाहिनीला त्याचा फारसा फटका बसत नसे, म्हणून यावर थांबत नाही.

आता दुसरा सीझन. इथे थोडं लांबून यावं लागेल. छोटे रेसलिंग कार्यक्रम जगात जिथे जिथे वर्षानुवर्षं टिकले, तिथे ते एकतर तिकीट विकण्यासाठी होते किंवा वाहिनीची पक्की सवय झाले होते.

अमेरिकेत मेम्फिसचं उदाहरण घ्या. डब्ल्यूएमसी या स्थानिक वाहिनीवर, चॅनेल पाचवर, शनिवारी सकाळी दीड तासाचा थेट कार्यक्रम. १९७७ मध्ये तो दुसऱ्या स्थानिक वाहिनीवरून तिथे आला. निवेदक लान्स रसेल, आणि त्याच्या जोडीला डेव्ह ब्राऊन, जो त्याच वाहिनीवर हवामानाच्या बातम्याही द्यायचा. स्टुडिओ छोटा, प्रेक्षक मोजके. पण खरी लढत तिथे नव्हतीच. शनिवारी भांडण लावायचं आणि सोमवारी रात्री मिड-साऊथ कोलिझियममध्ये तिकीट लावून ते मिटवायचं. जत्रेआधी गावात दवंडी फिरते ना, तसा तो कार्यक्रम. ५ एप्रिल १९८२ला तिथला मल्ल जेरी लॉलर आणि विनोदी नट अँडी कॉफमन यांची गाजलेली लढत झाली, तीही सोमवारीच, त्याच कोलिझियममध्ये. शनिवारच्या भागाची टेप मग लुईव्हिल, नॅशव्हिल अशा शहरांत फिरायची आणि प्रत्येक गावासाठी मल्लांच्या मुलाखती वेगळ्या जोडल्या जायच्या, ‘येत्या अमुक वारी तुमच्या गावात’ असं सांगणाऱ्या. वाहिनीला स्वस्तात प्रेक्षक मिळायचा आणि कंपनीला तिकीट. दोघांचं भागायचं, म्हणून तो कार्यक्रम अनेक वर्षं चालला.

ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर १९५५ पासून रेसलिंग होतं. १९६५ पासून ते ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ या शनिवारच्या कार्यक्रमात चारच्या सुमारास लागायचं, फुटबॉलचे निकाल येण्याआधी. निकालासाठी बसलेला माणूस रेसलिंग बघायचा आणि हळूहळू निकालासाठी नाही तर रेसलिंगसाठी बसू लागायचा. १९८५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ बंद झालं, रेसलिंग एकटं पडलं, वेळ सरकली, आणि १९८८च्या शेवटी तेही संपलं. मल्ल तेच होते. आधार देणारं शेड्यूल गेलं.

भारतात हे काम टेन स्पोर्ट्सने केलं. २००२ मध्ये ती वाहिनी आली आणि डब्ल्यूडब्ल्यूई हा तिचा रोजचा भात झाला: ताजा भाग, त्याचं रिपीट, रिपीटचं रिपीट. पोरगं शाळेतून कधीही येवो, कुणीतरी कुणालातरी टेबलावर आपटताना सापडायचंच. पुढे ती वाहिनी झीकडून सोनीकडे गेली. रेसलिंगला ताजेपणापेक्षा सातत्य जास्त लागतं, हे मी शेड्यूल लावता लावता शिकलो.

आता या कसोटीवर ‘रिंग का किंग’ ठेवा. त्याच्यामागे दर आठवड्याला कोल्हापूर, नाशिक, लुधियाना असा फिरणारा तिकिटाचा खेळ नव्हता. म्हणजे सगळा खर्च टीव्हीच्या जाहिरातींवरच निघायला हवा होता. आणि त्याला रोज फिरवायला क्रीडावाहिनी नव्हती. कलर्सची तेव्हाची मालक व्हायकॉम१८, आणि त्या घराण्यात तेव्हा क्रीडावाहिनीच नव्हती. स्पोर्ट्स१८ आली ती एप्रिल २०२२ मध्ये, दहा वर्षांनी. म्हणजे शनिवार-रविवार आठ ही एकच खोली, आणि तीही जीईसीतली सगळ्यात महाग खोली. तिथे नाचाचा किंवा गाण्याचा कार्यक्रम जेवढं देईल तेवढं रेसलिंगने द्यायचं, आणि वर परदेशी मल्लांचा खर्च.

त्यात पाहुण्यांचा प्रश्न. स्कॉट स्टायनर, अबिस, मॅग्नस, सोंजय दत्त, मॅट मॉर्गन ही माणसं अमेरिका-ब्रिटनमधली. मालिकेतला नट मालाडहून येतो, हे तिथून यायचे. दुसरा सीझन करायचा तर त्यांच्या तारखा जुळवा, नवे करार करा, पुन्हा हॉल, पुन्हा रिंग. पहिल्या सीझनमधून काही शिल्लक राहायला हवी होती ती म्हणजे इथेच राहणारे, वर्षभर लढणारे, लोकांना नावाने ओळखीचे झालेले भारतीय मल्ल. तेरा आठवड्यांत ते होत नाही. मेम्फिसमध्ये लॉलरला मोठं व्हायला कित्येक वर्षं मिळाली.

म्हणून माझं मत असं, की हा कार्यक्रम पडला नाही. त्याला उभं राहायला जी जमीन लागते ती या देशातल्या जीईसीत नव्हती. ‘माझं मत’ हे शब्द तुमच्या लेखात राहू द्या. दुसरा सीझन न येण्याचं कारण त्या तिघांच्या, म्हणजे वाहिनी, निर्माती कंपनी आणि टीएनए यांच्या, कागदपत्रांत असणार. बाहेरून बघणारा माणूस परिस्थिती सांगू शकतो, निर्णय नाही.

पुरावे कुठे शोधायचे, हे तुम्ही विचारलंय. भारतात वाहिन्यांना प्रसारित मजकुराचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं. २२ एप्रिलच्या भागाची ती मुदत २१ जुलै २०१२लाच संपली. त्यानंतर टेप ठेवायची की नाही हा वाहिनीचा प्रश्न. म्हणून ‘वाहिनीकडे लॉग (प्रसारणाची नोंद) मागतो’ या भरवशावर राहू नका, मागून बघायला मात्र हरकत नाही.

सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे त्या वेळी कुणीतरी घरी केलेलं रेकॉर्डिंग. २००८ पासून रेकॉर्ड करणारे सेट-टॉप बॉक्स बाजारात होते, त्यामुळे अशा प्रती असू शकतात. अशी प्रत मिळाली की कुस्ती नंतर बघा, आधी कडा बघा. कोपऱ्यातला वाहिनीचा लोगो, खालून सरकणारी पट्टी, ब्रेकमधल्या जाहिराती, ‘आज रात नौ बजे’ असा प्रोमो. पट्टीवर ज्या कार्यक्रमाचा उल्लेख असेल त्यावरून वार आणि आठवडा काढता येतो. होळीच्या किंवा परीक्षेच्या जाहिराती दिसल्या तर आणखी सोपं. मूळ प्रसारण आणि रिपीट यातला फरकही इथेच कळतो, कारण रिपीटमध्ये ब्रेक छोटे असतात आणि पट्टीवरचे कार्यक्रम वेगळ्या वेळेचे. ब्रेक कापून फक्त कुस्ती ठेवलेली स्वच्छ प्रत बघायला छान, पण तारखेच्या कामाची नाही.

त्यानंतर वर्तमानपत्रांतली टीव्हीची रोजची यादी. ग्रंथालयांत त्या वर्षाच्या बांधलेल्या फायली मिळतील. एक लक्षात ठेवा: यादी आदल्या दिवसाचा बेत सांगते, प्रत्यक्षात काय लागलं ते नाही. ऐन वेळी अर्ध्या तासाने सरकलेले कितीतरी कार्यक्रम मी स्वतः सरकवले आहेत, आणि छापील यादी तशीच राहिली आहे. प्रसिद्धिपत्रकं त्याहून कमी भरवशाची, ती तर महिनाभर आधीची इच्छा सांगतात. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच्या बातमीतला कुठलाही आकडा, भागांचा असो, मल्लांचा असो की प्रेक्षकांचा, नंतरच्या बातमीत दिसल्याशिवाय उचलू नका.

एवढं सगळं झाल्यावर तुमचा मूळ तक्ता तसा छोटाच निघेल: भाग क्रमांक, प्रसारणाची तारीख, चित्रीकरणाची तारीख मिळाली तर, प्रमुख लढती, आणि पुराव्याचा प्रकार. सव्वीस ओळी. या सव्वीस ओळी नीट झाल्या की बाकीचा लेख त्यांच्याभोवती लिहिता येतो.

दोन गोष्टी लेखात घालायचा मोह होईल, त्यांच्याबद्दल सांगून थांबतो. पहिली म्हणजे आपली कुस्ती. बालेवाडीचं संकुल १९९४च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं आणि जानेवारी २०२०ची महाराष्ट्र केसरी तिथेच झाली, ज्यात हर्षवर्धन सदगीर जिंकला. जागा एक, म्हणून गोष्ट एक होत नाही. ठरवून केलेला खेळ आणि मातीतली-मॅटवरची स्पर्धा यांची सरमिसळ केली तर तालमीतले लोक तुमच्यावर बरोबरच चिडतील. जागेचा उल्लेख एका वाक्यात करा आणि पुढे चला. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंगच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना तिकीट काढून गर्दी व्हायची, तो धागा मात्र जास्त जवळचा आहे, तो हवा तर जरूर घ्या.

दुसरी गोष्ट २०१७ची. त्या वर्षी मे महिन्यात टीएनएचाच वारसा चालवणाऱ्या ‘इम्पॅक्ट’चे काही भाग मुंबईत चित्रित झाले. तेव्हा भारतातली जोडीदार वाहिनी सोनी सिक्स होती, आणि त्यात महाबली शेराही होता. काही जण यालाच ‘रिंग का किंग’चा दुसरा सीझन समजतात. तो तसा नाही. अमेरिकेत नियमित चालू असलेल्या साप्ताहिक कार्यक्रमाचे ते भाग होते, फक्त रिंग मुंबईत लावली होती. नाव, किताब, वाहिनी, सगळं वेगळं. तुमच्या लेखात ते शेवटी एका छोट्या टिपेत येऊ द्या, सत्ताविसावी ओळ म्हणून नको.